आनंदची सकाळची फेरी

मी एक जुनी, काळी सायकल आहे, मित्रांनो. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चकचकीत मोटारींच्या रांगेत, खांबाला टेकून मी उभी असते. माझा रंग बराच उडाला आहे, पण घंटी अजून खणखणीत वाजते.

माझा जन्म लुधियानातल्या एका कारखान्यात झाला. सुट्या भागांच्या रूपात मी पुण्याला आले आणि एका दुकानात माझी जोडणी झाली. तिथून मला हिंमतराव उजागरे घरी घेऊन गेले. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याचे काम करत. आठवडाभर मी त्यांना छापखान्यात नेई आणि रविवारी चर्चला. तेव्हा मागच्या कॅरिअरवर त्यांची पत्नी बसे आणि पुढे दांडीवर छोटा आनंद. त्या काळी पुण्याचे रस्ते आम्हा सायकलींचेच होते. हिंमतराव मला पुसत, तेल देत, आणि शेजारीपाजारी म्हणत, "सायकल ठेवावी तर उजागऱ्यांनी."

मग दिवस पालटले. बाजारात नवनवीन गाड्या आल्या, हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आनंद शिकून तिथे मोठ्या पगारावर लागला. दारात मोटार आली आणि मी ताडपत्रीखाली गेले. माझे टायर बसले, साखळी गंजली. सोसायटीच्या फलकावर सूचना लागली, "बंद वाहने आपापल्या घरात ठेवावीत. पार्किंग हे वस्तुसंग्रहालय नव्हे." तरी हिंमतरावांनी मला भंगारात जाऊ दिले नाही.

ताडपत्रीच्या फटीतून मला आनंद दिसे. सकाळी कानाला फोन, हातात वडापाव आणि कपाळाला आठ्या. रविवारी त्याची बायको सुवार्ता लहानग्या सृष्टीला घेऊन रिक्षाने चर्चला जाई. आनंद मोटारीत बसून ऑफिसशी बोलत राही. मग आनंदची आई वारली. तिच्या पहिल्या स्मृतिदिनी घरी प्रार्थनासभा होती. आनंद त्या दिवशी ऑफिसातून आलाच नाही. सभेहून परतणारी माणसे माझ्याजवळ थांबून हळू आवाजात तेच बोलत होती. तेव्हापासून बापलेकांत कामापुरतेच बोलणे उरले.

आणि एक दिवस ऑफिसच्या जिन्यात आनंदला चक्कर आली. साखर वाढली होती, रक्तदाबही. दुसऱ्याच सकाळी त्याने माझ्यावरची ताडपत्री ओढली आणि मला जब्बारभाईंच्या सायकल दुकानात नेले. जब्बारभाईंनी मला उलटीपालटी करून पाहिले, मग आनंदकडे पाहिले.

"सायकल होईल चांगली," ते म्हणाले. "तुम्ही मात्र सावकाश घ्या साहेब."

साहेबांनी सावकाश घेतले नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला थेट हिंजवडीच्या वाटेला लावले. चांदणी चौकाच्या चढावरच त्यांचा दम संपला आणि आम्ही दोघे टेम्पोतून परत आलो. हिंमतराव पार्किंगजवळ खुर्ची टाकून उन्हात पेपर वाचत बसले होते.

"सायकल टेम्पोतून चालवतात, हे माहीत नव्हतं," ते पेपरमधून डोके न काढता म्हणाले.

आनंदने मला भिंतीला आपटून ठेवले. मला वाटले, झाले, पुन्हा ताडपत्री. पण काही दिवसांनी सुवार्ता त्याला हाताला धरून खाली घेऊन आली.

"अहो, एवढं लांब जायला कोणी सांगितलंय? टेकडीच्या पायथ्यापर्यंत जा आणि परत या. पण रोज जा. आल्यावर आपण बसून चहा घेऊ. फोन मात्र टेबलावर नको."

तिथून आमची फेरी सुरू झाली. टेकडीच्या पायथ्याशी कडुलिंबाखाली आनंद मला उभी करी आणि प्रार्थना करी. सुरुवातीला त्याची प्रार्थना ऑफिसच्या मीटिंगसारखी होती. हे हवे, ते लवकर हवे, आमेन. हळूहळू मागण्या कमी झाल्या. तो सुवार्तासाठी आभार मानू लागला, सृष्टीच्या पडलेल्या दातासाठीसुद्धा. कधी काहीच न बोलता पाखरे ऐकत बसे. मोटारीत मांडीवर लॅपटॉप घेणारा हा माणूस नुसता बसलाय, याचेच मला अप्रूप वाटे. काही सकाळी तो झोपून राही, पण दुसऱ्या दिवशी मुकाट्याने येई.

एका सकाळी तो प्रभूची प्रार्थना म्हणत होता. क्षमेच्या ओळीपाशी आला आणि गप्प झाला. पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागला, पुन्हा तिथेच थांबला. मग आमेन न म्हणताच त्याने मला वळवले आणि असे दामटले, की माझी मडगार्डे खडखडू लागली.

हिंमतराव खुर्चीतच होते. "आज लवकर? पंक्चर झाली?"

"नाही पप्पा. प्रार्थनेत अडकलो." आनंद धापा टाकत होता. "आईच्या सभेला मी यायला हवं होतं. काम निमित्त होतं. आईशिवायचं घर बघवत नव्हतं मला. तुम्हाला एकट्याला सोडलं. चुकलो."

हिंमतरावांनी पेपर खाली ठेवला. त्याची घडी घालायला त्यांना फार वेळ लागला.

"मलाही बघवत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर इथे येऊन बसतो. चल वर, सुवार्ताचा चहा थांबलाय. प्रार्थना तिथं पुरी करू. मीपण येतो."

त्या दिवशी लिफ्टचे दार लागले, तरी बापलेकांचे बोलणे मला ऐकू येत होते.

आता आनंदचा पट्टा सैल झाला आहे, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आहे. रविवारी घरातले सगळे एकत्र चर्चला जातात. गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर सुवार्ता म्हणाली, "मला कधी कोणी सायकल शिकवलीच नाही." झाले, ओढणी कमरेला बांधून ती माझ्यावर बसली. आनंद सीट धरून मागे धावत होता, सृष्टी टाळ्या पिटत होती आणि हिंमतराव ओरडत होते, "खाली बघू नकोस, समोर बघ."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या सायकलीला रोज थोडी हवा, थोडे तेल आणि थोडा रस्ता मिळाला, की ती चालत राहते. शरीराचे तसेच, प्रार्थनेचे तसेच आणि घरातल्या माणसांचेही तसेच. कुणालाच ताडपत्रीखाली ठेवू नका.

त्या रविवारी सोसायटीच्या फाटकापाशी आनंदने सीट सोडून दिली. सुवार्ताला ते कळलेच नाही. आम्ही दोघी घंटी वाजवत पुढे निघून गेलो.