सिग्नेचं कुरण

चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर ऑरिनने नकाशा उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर कॉफीचे कप ठेवले. तरीही कागद राहून राहून उसळत होता. ऑरिनचंही तसंच. अडुसष्टाव्या वर्षी त्याला खुर्चीत बसवत नव्हतं.

"हे बघ सिग्ने, हा धावपट्टीचा गोल. हे तबेले. आणि दुडक्या चालीचे घोडे गाड्या ओढत इथून जे वळतील ना, ते थेट—"

"माझ्या कुरणातून," त्याची थोरली बहीण म्हणाली.

वडिलांनी कुरण सिग्नेला दिलं होतं आणि घोडे त्याला. चाळीस वर्षं तो घोडे ट्रकमध्ये चढवून परमुलखात शर्यतींना जात होता. आता शर्यतीचं मैदानच दारात येऊ घातलं होतं. कुरण मिळालं नाही, तर मात्र ते नदीपलीकडे जाणार होतं.

"आणि ही चौकोनी खोली कसली?" सिग्नेने विचारलं.

"पत्त्यांच्या जुगाराची," शहरातून आलेला डिमार्को म्हणाला. मैदान तोच बांधणार होता. "खरं सांगतो बाई, शर्यतीची बक्षिसं तिच्यातूनच निघणार."

"म्हणजे पत्त्यांच्या जिवावर घोडे धावणार!"

"दर गुरुवारी याच टेबलावर पत्ते कुटतेस," ऑरिन म्हणाला, "तेव्हा काय स्तोत्रं म्हणत असतेस?"

कॉफी ओतणारे पास्टर एमिल अवघडून खोकले. अर्धं प्रवचन गाऊन सांगणारा त्यांचा गळा एरवी कधी दगा देत नसे.

डिमार्कोने संधी साधली. "मग देता ना कुरण?"

"छे हो, नको. माझ्या कुरणात काय ठेवलंय एवढं?"

ऑरिनच्या जिवात जीव आला. पहिला नकार झाला. त्यांच्या नॉर्डाल गावात साधी कॉफीसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणी घेत नाही. पहिले दोन नकार म्हणजे नुसता पूर्वरंग.

"भाव चांगला देईन, बाई. विचार करा."

"नको, नको. तुम्हाला याहून चांगली जागा मिळेल."

दुसरा! ऑरिन खुर्चीच्या कडेवर सरकला. आता तिसऱ्यांदा.

डिमार्कोने उसासा टाकला आणि एका कोपऱ्यावरचा कप उचलला. "समजलो. मी कुणाला गळ घालत नाही."

कागद सर्रकन गुंडाळला गेला. ऑरिनच्या तोंडचं पाणी पळालं. सख्ख्या भावाने आग्रह करणं म्हणजे बळजबरी. विचारायचं ते पाहुण्यानेच. सिग्ने कपात बघत होती, पण उठली नव्हती. त्याने टेबलाखालून डिमार्कोच्या नडगीवर बूट हाणला.

"अहो, विचारा!"

"आत्ताच दोनदा विचारलं की!"

"म्हणूनच!"

नडगी चोळत डिमार्को तिच्याकडे वळला. "बाई... देता का कुरण?"

सिग्नेची बोटं टेबलावर हळूच वाजू लागली. टक-टक, टक-टक. ऑरिनने कान टवकारले. घोड्यांची ही दुडकी चाल त्याच्या हाडांत भिनली होती.

"घोडे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून जातील," ती म्हणाली. "टापा ऐकू येतील."

अडचण कळली तशी डिमार्कोची कळी खुलली. "अजिबात नाही! उंच भिंत बांधून देतो. टाप काय, खिंकाळणंसुद्धा ऐकू येणार नाही!"

"भिंत नको!" सिग्ने जरा मोठ्यानेच म्हणाली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"झालं. तिसऱ्यांदा नको," डिमार्को पुटपुटला आणि उठून कोट चढवू लागला.

"कोट कसला घालताय? बसा," सिग्नेने नकाशा आपल्याकडे ओढला. "तुमच्या प्रेक्षकांचं तोंड पश्चिमेला केलंय कुणी? संध्याकाळचं ऊन डोळ्यांत जाईल बिचाऱ्यांच्या."

डिमार्को एका बाहीत हात घालून तसाच उभा राहिला. त्याने ऑरिनकडे पाहिलं. पण ऑरिन दूध आणायच्या निमित्ताने, सगळ्यांना पाठमोरा होऊन, केव्हाच जिन्याकडे निघाला होता आणि हसू दाबताना त्याचे खांदे गदगदत होते.