उपाशीपोटी

सिस्टरांची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली होती. छत्तीस वर्षं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणे. ऑपरेशनआधी पेशंटला चोरून चहा पाजणाऱ्या नातेवाइकांना त्या अशा फैलावर घेत, की भलेभले मिशीवाले मान खाली घालून उभे राहत.

घरात त्या, त्यांचा धाकटा भाऊ आणि पोपट. भाऊ शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मास्तर. पोपट हा कुत्रा. पिल्लू होता तेव्हा त्याचं तोंड मिनिटभर बंद नसायचं, म्हणून मास्तरांनीच ते नाव ठेवलं होतं. आता तो तेरा वर्षांचा होता. मागचे पाय कुरकुरत होते, ऐकू कमी येत होतं, आणि महिनाभर तो डाव्या बाजूने चावायचंच टाळत होता. तोंडाला असा वास यायचा, की मास्तर पेपर घेऊन खिडकीत जाऊन बसत.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोपटचे ओठ वर करून दाखवलं. दातांवर किटण चढलं होतं, हिरड्या सुजल्या होत्या, दोन-तीन दात काढावेच लागणार होते. आणि हे सगळं भूल देऊनच, कारण जागेपणी कुठला कुत्रा आ करून पडून राहतो? त्यांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. हृदय वयाच्या मानाने ठणठणीत निघालं.

सिस्टरांनी प्रश्न विचारून विचारून त्यांना भंडावून सोडलं. औषध कुठलं, नळी घालणार का, नाडीवर लक्ष कोण ठेवणार, म्हातारं अंग गार पडतं तर खाली गरम गादी आहे ना. प्रत्येक उत्तर बरोबर आलं. तरी घरी येताना त्या तेच प्रश्न पुन्हा पुन्हा उगाळत होत्या.

मास्तरांना नवल वाटलं. ताईने तर हजारो माणसं झोपलेली बघितली होती, असं ते म्हणाले.

"बघितली आहेत, म्हणूनच," सिस्टर म्हणाल्या.

आदल्या दिवशी त्यांनी फ्रिजवर कागद चिकटवला. रात्री आठला शेवटचं खाणं. पाणी सकाळपर्यंत चालेल. गुडघ्यांची गोळी द्यायची नाही. आठ वाजता पोपटचं ताट धुऊन पालथं घातलं, बिस्किटांचा डबा कपाटावर चढवला आणि मास्तरांना बजावलं, की एक कणही त्याच्या तोंडात जाता कामा नये. मास्तरांनी बिचाऱ्यांनी स्वतःचा चहा जिन्यात उभं राहून प्यायचं कबूल केलं.

सकाळी मास्तर आंघोळीला गेले. पोपट स्वयंपाकघरात येऊन आपल्या जागेवर बसला. भुंकला नाही, काही नाही. थोडा वेळ वाट बघितली आणि हनुवटी सिस्टरांच्या पावलावर टेकवली.

सिस्टरांच्या मनात आलं, आज हा उठला नाही तर? याची शेवटची सकाळ मी उपाशी ठेवलेली, आणि का ठेवली ते याला कळायचंही नाही. त्यांनी स्टूल ओढलं, डबा काढला, दोन बिस्किटं पाण्यात भिजवून त्याच्यापुढे धरली. दात दुखू नयेत म्हणून भिजवलेली.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने "पोपट कोणाचा?" म्हणून हाक मारली, तेव्हा बाकावरची सगळी मंडळी पिंजरा शोधू लागली. तिने विचारलं, शेवटचं कधी खाल्लं. मास्तरांनी अभिमानाने सांगितलं, काल रात्री आठला. तिने तसं लिहून घेतलं. पोपटचं वजन झालं. डॉक्टरीणबाई सुई लावण्यासाठी पुढच्या पायावरचे केस कापायला मशीन घेऊन आल्या.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "मी सकाळी त्याला दोन बिस्किटं दिली."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले.

"भुलेत उलटी होऊन छातीत गेली तर काय होतं, ते मला माहीत आहे. छत्तीस वर्षं मी लोकांना यावरूनच बोलले. तरी दिली."

डॉक्टरीणबाईंनी मशीन खाली ठेवलं. आज नको, गुरुवारी करू, म्हणाल्या. मग बाकावर त्यांच्या शेजारी टेकल्या.

"तुम्ही सांगितलंत. खूप जण सांगत नाहीत."

हॉस्पिटलात कधीही डोळे न पुसलेल्या सिस्टरांनी तिथे पदर डोळ्यांना लावला. घराच्या दाराशी आल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, की गुरुवारची सकाळ माझ्याकडे.

गुरुवारी ते उजाडताच पोपटला घेऊन बाहेर पडले आणि एकेक खांब हुंगू देत, रमतगमत परस्पर दवाखान्यात पोचले. स्वयंपाकघराचा संबंधच आला नाही. सिस्टर मागून आल्या.

पोपटला झोप लागेपर्यंत जवळ बसायची परवानगी त्यांनी मागून घेतली होती. त्या खाली चादरीवर बसल्या. सुई जाताना पाय कसा धरायचा ते हातांना आपोआप आठवलं. औषध गेलं, आणि पोपटचं डोकं त्यांच्या तळहातावर हळूहळू जड झालं. इतकी वर्षं सिस्टर थिएटरच्या दाराच्या आतल्या बाजूला होत्या. आज पोपटचं डोकं खाली ठेवून त्यांना बाहेर जायचं होतं.

बाहेर पावणेदोन तास गेले. मास्तर पेपरच्या कोऱ्या कडेवर काहीबाही रेघोट्या ओढत होते. सिस्टरांना एक माणूस आठवला. बायकोसाठी चौकड्यांचा थर्मास घेऊन आलेला. त्याला त्यांनी भर वॉर्डात झापलं होतं आणि तो तसाच परत गेला होता. त्याचा चेहरा कितीही आठवला तरी आठवेना, थर्मास तेवढा दिसत राहिला.

डॉक्टरीणबाई मास्क उतरवत आल्या. तीन दात काढले, बाकीचे स्वच्छ झाले, हृदयाने शेवटपर्यंत साथ दिली.

ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला पोपट बारीक कण्हत होता, जीभ बाहेर लोंबत होती. आधी त्याने कोणालाच ओळखलं नाही. मग नाक हललं आणि सिस्टरांच्या तळहातात शिरलं. हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी त्यांनी तो काढला नाही.

संध्याकाळी जिना चढताना मास्तर त्याला उचलायला वाकले, पण पोपटला ते पसंत पडलं नाही. झिंगल्यासारखा तो स्वतःच निघाला आणि पहिल्याच मजल्यावर, भलत्याच दारापुढे जाऊन ठाम उभा राहिला. आपलं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, हे काही केल्या त्याला पटेना. आतून शेजारीण बाहेर आली. काय झालं, म्हणाली.

"काही नाही," सिस्टर पायरीवर बसत म्हणाल्या. "बसू दे त्याला जरा."

मास्तरही बसले. शेजारणीने त्यांच्यासाठी खुर्ची आणली, पण त्या खुर्चीवर कोणीच बसलं नाही.