पिकअपचा पंप आणि मंगलीबाईचा तळहात

मित्रांनो, कोहमाऱ्याच्या फाट्यावर चुन्नीलाल मिस्त्रीच्या गॅरेजमागे एक पांढरी पिकअप उभी आहे. पांढरी म्हणजे एकेकाळची. तीच मी. आता माझ्या टपावर कोंबड्या बसतात. पण नाक मुरडू नका हं, माझं इंजिन टर्बोचं आहे! इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटा पंखा फिरवतो आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा भरतो. लोहाराचा भाता भट्टीला हवा देतो, तसंच हे. हवा भरपूर मिळाली की डिझेल नीट जळतं आणि गाडी ओझं ओढते.

माझा जन्म कारखान्यातला. २००५ साली सडक अर्जुनीकडच्या खुमेंद्रने मला गोंदियाहून घरी आणलं. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. धानाची पोती भरून मी राइस मिलच्या वाऱ्या करू लागले. सुरुवातीला तो रोज फडकं मारायचा. पुढे कौतुक ओसरलं. हवेचा फिल्टर झटकायचं राहून जाऊ लागलं आणि मी चढावर धापा टाकू लागले. माझं काय दुखतंय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

२०१० च्या पावसाळ्यात मंगलीबाई माझ्या आयुष्यात आली. जंगलाकाठच्या एका पाड्यावर तिचा बायकांचा गट होता. गावची बोडी, म्हणजे लहानसा तलाव, वर्षानुवर्षं बाहेरचा ठेकेदार मासळीसाठी घ्यायचा. त्या साली ग्रामसभेत भांडून बायकांनी ती स्वतःकडे घेतली. अट एकच, यंदा बोडीत मासे वाढले पाहिजेत. नाही वाढले, तर बोडी पुन्हा ठेकेदाराची.

गोंदियाकडून माशांचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, आणायचं काम खुमेंद्रला मिळालं. पाण्याने भरलेले निळे ड्रम माझ्या हौद्यात आणि त्यांच्यामध्ये मंगलीबाई, वाटभर हाताने पाणी हलवत बसलेली. पाणी हललं की पिल्लांना श्वास मिळतो. पहिल्या खेपेला मी रेंगाळत पोचले. सगळ्याच ड्रमांत थोडी थोडी पिल्लं मेली होती.

"भाऊ, गाडी जरा पळवा नं," मंगलीबाई म्हणाली.

खुमेंद्र थेट चुन्नीलालकडे गेला. "चुन्नीभाऊ, गाडी ओढून नाई राहिली. पंप वाढव."

पंप वाढवणं म्हणजे डिझेलपंपाचा स्क्रू फिरवून इंजिनाला जास्त डिझेल पाजणं. चुन्नीलालने स्क्रू चांगलाच फिरवला. मी भर्रकन निघाले आणि मागे काळा लोट सोडला. ढाब्यावरचे ड्रायव्हर खाटेवरून उठून उभे राहिले. "क्या दम है!" असं कोणीतरी ओरडलं. मित्रांनो, मी हुरळून गेले. धूर म्हणजेच ताकद, असं मलाही वाटू लागलं.

दुसऱ्या खेपेला पाणी उसळू नये म्हणून ड्रमांना झाकणं लावली, मंगलीबाई केबिनमध्ये बसली आणि मी पुष्कळ लवकर पोचले. बायका बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाट पाहत होत्या. मागचे ड्रम उघडले, पिल्लं वळवळत होती. मग केबिनला टेकलेले पुढचे ड्रम उघडले. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. एकही पिल्लू हलत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"बीजच खराब असन," खुमेंद्र पुटपुटला.

"बीज एका टाक्याचं, पानी एका नळाचं," मंगलीबाई म्हणाली. "मंग समोरचेच काऊन मेले?"

गोंदियाहून शेवटची एकच खेप मिळणार होती. परतताना कारण शोधायला मंगलीबाईही सोबत निघाली आणि रिकामे ड्रम मागे सरकवून त्या पुढच्या ड्रमांच्या जागी, केबिनशी बसली, तेही अनवाणी. जरा वेळाने तिने केबिनची काच बडवली. "थांबवा जी! अठी पाय ठेववत नाई. तवा झाला हाये!"

खुमेंद्रने खाली उतरून पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्याच पत्र्याखालून माझा सायलेन्सर जातो.

गॅरेजवर पोचल्यावर चुन्नीलालचा आधी विश्वासच बसेना. "दम वाढला का नाई? मंग?" तो कुरकुरला. पण पत्र्यावर हात टेकवला आणि त्याचे डोळे बारीक झाले. बॉनेट उघडून तो म्हणाला, "रेस दे." खुमेंद्रने रेस दिली. चुन्नीलालने टर्बोच्या रबरी पाइपावर साबणाचा फेस फासला. क्लिपखालून बुडबुडे फुटू लागले.

"अरे यार! हवा भाईर पडून राहिली अन् आपण तेल पाजून राहिलो!"

तेव्हा मला माझं दुखणं कळलं. पाइप चिरला होता. हवा कमी, त्यात डिझेल जास्त. ते धड जळत नव्हतं, नुसता धूर आणि उष्णता होत होती. पिल्लं त्या उष्णतेने गेली होती.

चुन्नीलालने नवा पाइप बसवला, फिल्टर झटकला, स्क्रू मागे घेतला. तेवढ्यावरच मी मोकळा श्वास घेऊ लागले. पण आता त्यालाही चैन पडेना. आणखी किती वाढवता येईल? ड्रमांत साधं पाणी भरून तिघे चढावर निघाले. चुन्नीलाल स्क्रू अगदी कणभर फिरवायचा, खुमेंद्र मला चढवायचा आणि मंगलीबाई पत्र्यावर तळहात ठेवून सांगायची.

"थंडा हाये." पुन्हा कणभर. "थंडाच हाये." आणखी कणभर. "आता तापला! मांग घ्या."

तिच्या तळहाताने सांगितलं, तिथे माझा पंप लागला. धूर जवळजवळ दिसेनासा झाला आणि चढ मी हसत चढले. ढाब्यावर या वेळी कोणीही उठलं नाही.

शेवटच्या खेपेला मंगलीबाईने केबिनजवळचा ड्रम आधी उघडला. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि डोळे मिटले. बायका ड्रमाभोवती वाकल्या. माझं इंजिन बंद होतं.

"बाई, माह्या बोटाइले टोचून राहिले गं!" ती ओरडली, आणि बायका हसता हसता रडू लागल्या. त्या साली मासे वाढले आणि ती बोडी पुन्हा ठेकेदाराकडे कधीच गेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मोटर असेल, सायकल असेल, एखादी म्हातारी गाडी असेल. ती मंदावली, तर तिला लगेच जास्त पाजू नका आणि जास्त पळवू नका. जवळ जा, हात लावा, काय झालं ते शोधा. आम्हाला बोलता येत नाही. आम्हाला फक्त तापता येतं.