कोर्टापर्यंतचं तिकीट

मित्रांनो, मी पेटी आहे खरी, पण कपड्यांची नाही, दागिन्यांची नाही आणि मतांचीही नाही. मी वाजवायची पेटी. शिकलेले लोक मला हार्मोनियम म्हणतात. सोलापुरात, शुक्रवार पेठेत माझा जन्म झाला आणि जन्मापासून माझं एकच काम, कीर्तनात सूर धरायचा. आता म्हातारी झाले. कोपऱ्यांचं पॉलिश उडालं आहे आणि मधली एक पांढरी पट्टी दाबली की ती क्षणभर विचार करून मग बोलते. पण बोलते!

मला गुफरान मिस्त्रींनी घडवलं. सागवानाच्या फळ्या त्यांनी हातानं निवडल्या, आतले सूर, म्हणजे हवेनं वाजणाऱ्या पितळी पात्या, पालिताण्याहून मागवले. भात्याला कातडं चिकटवताना ते तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत, ते माझ्या कानावर पडलेलं पहिलं नामस्मरण. मला न्यायला आल्या त्या सिद्धेश्वरीबाई. पेठेत सगळे त्यांना सिद्धक्का म्हणत. ऐन तारुण्यात त्यांनी कीर्तन धरलं होतं. बाईमाणसानं कीर्तनाला उभं राहायचं म्हणजे तेव्हा लोकांच्या भुवया वर जात.

"चाचा, काळी चार जरा दमदार ठेवा," त्या म्हणाल्या. "देवाला लांबून ऐकू गेलं पायजे."

मिस्त्री हसले. "देवाचे कान चांगले हायत, बेटी. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांसाठी ठेवतो दमदार."

तेव्हापासून माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. कपाळाला विभूती लावून सिद्धक्का मधोमध उभ्या राहत. मागे झांज घेऊन त्यांची धाकटी बहीण काशम्मा. आणि माझ्या मागे मांडी घालून बसायचा मिस्त्रींचाच मुलगा रफीक. शंकराच्या कीर्तनात रफीकनं पेटी धरली याचं कुणाला काही वाटलं नाही. वाटलं असेल, तर पूर्वरंग संपेपर्यंत ते विसरूनही गेले. सिद्धक्कांची एक खासियत होती. त्या समोरच्यांचे चेहरे वाचत. कुणी जांभई दिली की लगेच एखादी गंमत, कुणी पदर डोळ्याला लावला की आवाज आणखी मऊ. मी शेकडो गळे ऐकले, पण माणसांकडे बघत बघत देवाशी बोलणारा गळा तो एकच.

आम्ही खूप हिंडलो. सगळ्यात जास्त आठवते ती बार्शीची वाट. सोलापूरहून मोठ्या गाडीनं कुर्डुवाडीला यायचं आणि तिथं छोट्या रुळांच्या छोट्या गाडीत बसायचं. ती गाडी इतकी सावकाश जाई की रफीक मला मांडीवर घेऊन खुशाल वाजवत बसे आणि शेतातली माणसं हात करत. गाड्या दोन, पण तिकीट एकच! सोलापुरात पुठ्ठ्याचं ते इवलंसं तिकीट घेतलं की थेट बार्शीपर्यंत कुणी विचारायचं नाही. काशम्मा ते पदराच्या गाठीला बांधून ठेवी. ती गाठ, तो पुठ्ठा आणि तो प्रवास तिच्या मनात कायमचा बसला. पुढे जो घोटाळा झाला तो त्या गाठीमुळेच.

मग सिद्धक्कांची नजर गेली. काशम्माचा मुलगा गुरुशांत पुण्यात नोकरीला आहे, तो मावशीला उपचारासाठी घेऊन गेला. उपचार झाले, नजर काही आली नाही. सिद्धक्का पुण्यातच राहिल्या आणि त्यांनी गाणं सोडलं. "समोरचे चेहरे दिसत न्हाईत, तर मी बोलू कुणाशी?" एवढंच त्या म्हणाल्या. मी मागे राहिले. मला माळ्यावर ठेवलं, मिरच्यांच्या पोत्याशेजारी. माझ्या भात्यात झुरळांनी संसार थाटला. मित्रांनो, तुटण्याचं दुःख वेगळं. कुणी तोडत नाही आणि कुणी वाजवतही नाही, हे दुःख वेगळं.

गेल्या श्रावणात एके सकाळी काशम्मानं मला माळ्यावरून ओढलं आणि तसंच रफीकच्या दुकानात नेलं.

"रफीक, भाता जोड. पुण्यात मंडईजवळच्या मठात सोमवारी कीर्तन हाय. अक्का उभी राहते म्हणाली."

"काय सांगता!" रफीकचे केस आता पांढरे झाले होते. "ऐकलं कसं त्यांनी?"

"ऐकलं कुटं? अट घातलीय. गुरुशांतनं ती विजेची पेटी आणून दिली, तर म्हणाली, ही दुसऱ्याच्या तोंडानं बोलते. माझी पेटी आली तर उभी राहीन. न्हाय आली, तर परत विषय काढायचा न्हाय."

"आणि उशीर झाला तर?"

"पाचाला सुरू न्हाय झालं तर मठवाले पुढच्या बुवांना उभं करतील. आणि अक्का पुन्यांदा हो म्हणणार न्हाय. मी वळखते तिला."

रफीकनं माझा भाता नवा केला, एकेक सूर कुंचल्यानं साफ केला. मी पहिला श्वास घेतला तेव्हा दुकानाबाहेर जाणारा एक माणूस थांबला आणि नुसतंच "वा!" म्हणून गेला.

सोमवारी सकाळी आम्ही स्टेशनवर. काशम्मा खिडकीशी वाकली. "पुण्याच्या मंडईची दोन द्या."

आतले साहेब म्हणाले, "मावशी, रेल्वे पुणे स्टेशनपर्यंत. मंडईला जायला मेट्रो आहे, तिचं तिकीट तिथं वेगळं."

काशम्मानं मान हलवली, पण पटलं नाही. डब्यात बसल्यावर ती रफीकला म्हणाली, "वेगळं कशाला असंल? रूळ ते रूळ. जमिनीखालनं गेली म्हणून काय झालं? बार्शीला कुटं वेगळं काढत होतो?" आणि पुण्याचं तिकीट तिनं पदराला बांधलं.

गाडीला उशीर झाला. पुण्यात उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. पेठांमध्ये मिरवणूक होती, रिक्षावाले तिकडचं नाव ऐकूनच मान फिरवत होते. गुरुशांतचा फोन आला. "आई, मेट्रोनंच या. जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदला, तिथून भुयारातली गाडी मंडईला येते. मी मावशीला घेऊन मंडई स्टेशनलाच थांबतो. ती घरात बसायला तयार नाही."

"आयुष्यात कोर्टाची पायरी चढले न्हाय," काशम्मा म्हणाली, "आणि ह्यो पोरगा मला कोर्टात उतरवतोय!"

मेट्रोच्या दाराशी काशम्मानं पदराची गाठ सोडली आणि रेल्वेचं तिकीट त्या काचेच्या चौकोनावर ठेवलं. दार ढिम्म. तिनं ते उलटं ठेवलं, मग पदरानं पुसून ठेवलं. मागची रांग चुळबुळायला लागली.

"काशम्मा, त्यांनी सकाळीच सांगितलं हुतं की!" रफीक म्हणाला. "बाजूला व्हा. आता माझ्या ध्यानात आलं. हितं प्रत्येक गाडीचं तिकीट वेगळं."

"लई शहाणा. मग काढ."

रफीक धावत तिकीट खिडकीशी गेला. त्याच्या मनात घोळत होतं ते कोर्ट, कारण गाडी बदलायची भीती तिथली होती. त्यानं दोन तिकिटं मागितली ती जिल्हा न्यायालयापर्यंतची. पुढच्या गाडीचं पुढे काढू, असा त्याचा हिशेब. एकीला वाटलं एकच तिकीट सगळीकडे चालतं, दुसऱ्याला वाटलं प्रत्येक गाडीला नवं लागतं. खरं दोघांच्या मधोमध होतं. रेल्वेचं वेगळं, मेट्रोचं वेगळं. पण मेट्रोच्या दोन गाड्यांना मिळून तिकीट एकच, जिथं शेवटी उतरायचं तिथपर्यंतचं. "आम्हाला मंडईला जायचंय," एवढं जरी खिडकीत सांगितलं असतं, तरी योग्य तिकीट हातात पडलं असतं.

कोर्टाच्या स्टेशनावर माणसांचा लोंढा सरकत्या जिन्यानं खाली चालला होता, आम्हीही त्यात खाली गेलो. बाहेर पडायचं दार लागलंच नाही, म्हणून नवं तिकीट काढायचंही राहिलं. खोल, आणखी खोल. मला वाटलं, कुणी मला विहिरीत सोडतंय. पण खाली लख्ख उजेड होता आणि गार हवा. गाडी आली, बसलो, आणि काशम्मा गुणगुणायला लागेस्तोवर मंडई आलीसुद्धा.

मंडईच्या दारानं मात्र आम्हाला अडवलं. रफीकनं तिकिटाचा कागद ठेवला, लाल दिवा. काशम्मानं ठेवला, लाल दिवा. आणि दाराच्या पलीकडे, चार पावलांवर, गुरुशांतचा हात धरून सिद्धक्का उभ्या होत्या. पांढरं लुगडं, कपाळाला विभूती, मान किंचित तिरकी. त्यांना आम्ही दिसत नव्हतो.

"काका, तिकीट कोर्टापर्यंतचंच आहे," मदत खिडकीतली मुलगी म्हणाली. "वरचा फरक भरा, लगेच सोडते. फक्त रांगेत या." रांग चांगली लांब होती.

"आई, पाच वाजत आले!" गुरुशांत पलीकडून ओरडला.

"पेटी आणलीय का, ते विचार," सिद्धक्का त्याला म्हणाल्या. आवाज कोरडा होता.

"आणलीय अक्का, हितं हाय की!"

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतीस, काशे. माळ्यावर कुजली असंल ती. चल गुरू, घरी चल." आणि त्या खरंच वळल्या.

तेवढ्यात गर्दीचा धक्का लागला, रफीकच्या खांद्यावरचा पट्टा निसटला आणि मी धाडकन फरशीवर आले. रफीकचा जीवच गेला. नियम, रांग, सगळं विसरून तो तिथंच गुडघ्यांवर बसला, माझं झाकण उघडलं, भाता ओढला आणि भीत भीत काळी चार दाबली.

मी बोलले. भुयाराच्या कमानीखाली तो सूर असा घुमला की मला स्वतःलाच तो नवा वाटला. रफीकनं एकेक पट्टी तपासली. मधली पांढरी पट्टी नेहमीसारखी क्षणभर थांबली, मग बोलली.

सिद्धक्का थांबल्या. "बा, तायी, बा," त्या कानडीत पुटपुटल्या. ये माय, ये. आणि त्याच जागी, माझ्याकडे पाठ असतानाच, त्यांनी आपलं स्वतःचं नमन उचललं.

"दारी उभी तुझ्या देवा, कडी तेवढी काढ..."

आवाज आधी कापरा होता, दुसऱ्या ओळीला सावरला. काशम्माच्या हातात झांज नव्हती, तिनं टाळ्या धरल्या. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका थांबल्या. रांगेतल्या एकानं काशम्माला म्हटलं, "मावशी, तुम्ही पुढं व्हा आधी," आणि त्याच्या पुढचेही सरकले. मुलीनं फरक घेतला, तिकीट परत दिलं, दार उघडलं. उघडताना तीही ओठांत हसत होती.

मठात आम्ही पोचलो तेव्हा पुढचे बुवा उपरणं सावरत होते. सिद्धक्कांना पाहून त्यांनी ते परत गळ्यात टाकलं आणि खाली श्रोत्यांत जाऊन बसले.

उत्तररंगात सिद्धक्कांनी दृष्टांत दिला. "मंडळी, आज आमची माणसं कोर्टापर्यंतचं तिकीट काढून मंडईत उतरली. दारात अडकली!" हशा पिकला. रफीकनं मान खाली घातली. "अक्का, पुरे की आता," तो मागून म्हणाला, तसा आणखी हशा.

"हसू नका. तुमी आमी दुसरं काय करतो? देवाकडं मागतो काय? पोराची नोकरी, पोरीचं लगीन. तिकीट तिथवरचंच! आणि शेवटच्या दारात गेल्यावर म्हणतो, उघड की रे आता! अरे, जिथं जायचंय तिथलं नाव आधी सांग की बाबा." मग त्या जरा थांबल्या, मान तिरकी केली. "डाव्या कोपऱ्यातली मंडळी हसली न्हाईत. त्यांनी बहुतेक तिकीटच काढलं न्हाय."

डावा कोपरा हसून लोळला. माझ्या भात्यात हवा भरून आली. सिद्धक्कांना चेहरे दिसत नव्हते, पण माणसं दिसायला लागली होती.

कीर्तनानंतर काशम्मानं विचारलं, "अक्का, पेटी ठेवून जाऊ का तुझ्यापाशी?"

"नको गं बाई. गुरुशांतच्या घरात ही राहिली तर सूनबाई वर रुमाल टाकून फुलदाणी मांडंल. तू घेऊन जा, रफीक रोज वाजवंल. पण दर महिन्याला आणायची. मठात महिन्याचं कीर्तन कबूल केलंय मी, मग गाऊ कशावर?"

"आणू की," रफीक म्हणाला. "आता मंडईचं तिकीट मागायला शिकलो."

तेव्हापासून मी दर महिन्याला भुयारातून जाते. रोज संध्याकाळी रफीक माझा भाता हलवतो. धूळ बसायला सवडच मिळत नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर बहुधा रुमाल असेल आणि रुमालावर फुलदाणी. तिला वाजवता येणारं कुणीतरी आतल्या खोलीत गप्प बसलेलं असेल, आणि तुम्हाला वाटत असेल, आता यांना काय गायचंय! आज शाळेतून आलात की एवढंच करा. फुलदाणी उचला, झाकण उघडा, कुठलीही एक पट्टी दाबा. बेसूर वाजलं तरी चालेल. मग आतल्या खोलीकडे बघा, कोण उठून येतं ते.