रंगाखालचं ठिगळ

मी एक होडी बोलतेय. उत्तनच्या किनाऱ्यावरची, बावीस फुटी, फायबरची. लाकडाच्या होड्यांना म्हणे आपल्या झाडाची आठवण असते. माझं तसलं काही नाही. एका पत्र्याच्या शेडमध्ये साच्यात काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, तिच्यावर चिकट रेझिन ओतायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा चटई. अशी मी थरावर थर वाढले. साच्यातून उपटून काढलं तेव्हा डोळ्यांना पाणी आणणाऱ्या त्या वासाशिवाय माझ्याजवळ काही नव्हतं.

बाकीचं सगळं मला वाल्मिकनं दिलं.

वाल्मिक उत्तनचा कोळी. त्यानं मला किनाऱ्यावर आणलं तेव्हा म्हातारे हसले. "काय रं, आंघोळीचा टप घेऊन आलास?" वाल्मिक रागावला नाही. त्यानं मला लाल रंग दिला, नारळ फोडला आणि लेकीचं नाव माझ्यावर लिहिलं, मानसी. तेव्हापासून घरात कुणी "मानसी कुठं हाय?" विचारलं की आधी "कुठली?" असा प्रश्न यायचा.

पंधरा वर्षं आम्ही दोघं समुद्रावर गेलो. घरात तो अबोल होता. माझ्याशी मात्र भरभरून बोलायचा. मासळी कमी होतेय, मानसीचा कॉलेजचा निकाल, जाईबाईचे दुखरे गुडघे. जाईबाई त्याची बायको. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घालायची.

दोन वर्षांपूर्वी वाल्मिक गेला. समुद्रानं नेला नाही. छातीत दुखतंय म्हणून रिक्षात बसून दवाखान्यात गेला तो आलाच नाही. मला कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी इंजिन काढून नेलं, तेव्हा मी समजले.

मग मी पडून राहिले. कुणी माझ्यावर जाळी सुकवली, कुणी पाठ टेकून मोबाइल बघितला. मागच्या पावसाळ्यात उधाणानं उचलून मला धक्क्याच्या दगडांवर आपटलं. दोन भोकं पडली. एकातून नारळ जाईल एवढं, दुसरं मुठीएवढं. लाकडाची होडी मोडली तर चुलीला तरी उपयोगी पडते. मला कोण जाळणार? भंगारवालासुद्धा मला बघून मान फिरवायचा.

मानसी, म्हणजे खरी मानसी, लग्न होऊन मीरा रोडला पूनम सागर वसाहतीत राहते. दर रविवारी येऊन आईच्या मागे लागायची, "होडी विकून टाक आणि माझ्याकडे चल." शेवटी दिवाळीनंतर जाईबाईनं मनावर घेतलं. गिऱ्हाईक मिळालं ते पलीकडच्या पाड्यातला उदय. इतकी वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. बायको रसिका पोटुशी. आता स्वतःची होडी असावी असं त्याला वाटत होतं. त्यानं मला नीट पाहिलंही नाही. "वाल्मिककाकांची होडी म्हणजे बघायला नको," एवढंच बोलला. दोन भोकं आहेत, ती बुजवून देते, असं जाईबाईनं त्याला सांगितलं.

भोकं बुजवायला उर्मिला आली. ती भाईंदर पश्चिमेची. फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तिनं बारा वर्षं काढली. तो बंद पडल्यावर दोन पिशव्यांत ग्राइंडर, ब्रश आणि रेझिनचे डबे घेऊन बोलावतील तिथं जाऊ लागली. आल्या आल्या तिनं आधी वारा बघितला.

"मावशी, मी ह्या बाजूनं घासते. नाहीतर काचेची सगळी कुसळं तुमच्या बोंबलांवर जातील."

जाईबाईला ती तिथंच आवडली. "दोनच भोकं हायत गो. बुजव नि वरनं रंग मार. उद्या उदय येतोय."

"उद्या नाही होणार. आधी गोड्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवायला लागेल. मीठ राहिलं तर थर धरत नाय."

धुऊन झाल्यावर उर्मिला माझ्या अंगावर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकत निघाली. टक, टक, टक. तळाशी एका जागी आवाज बदलला. डब. ती थांबली. पुन्हा ठोकलं. डब.

"मावशी, इथं आधी काय केलंय?"

"तिथं? तिथं काय न्हाय."

मला माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी, किनारा दिसेनासा झालेला असताना, तळाला तडा गेला आणि पाणी आत यायला लागलं. वाल्मिकच्या हाताशी होता तो भाकरी बांधलेला फडका. त्यानं तोच आत कोंबला आणि डबा कापून पाणी उपसत उपसत मला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी त्या फडक्यावरच पुट्टी आणि रेझिन फासलं, वर लाल रंग मारला. मला थोपटून म्हणाला, "जाईला नको सांगू. ती जाऊ देणार न्हाय." त्यानंतर कापलेला डबा कायम पायाशी असायचा.

"एकदा उघडून बघू दे," उर्मिला म्हणाली.

"असू दे ना! दोन सांगितलीत ना तुला? तेवढीच बुजव. वरनं कोणाला कळतंय?"

"मावशी, ह्याच्यात माणूस बसणार."

जाईबाई वलांडीकडं वळली. तिची भीती मला कळत होती. उदय माघारी गेला तर दुसरं कोण घेणार होतं मला? ती बोंबील उगाच उलटेपालटे करू लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "बघ काय ते."

ग्राइंडर चालला. रंग गेला, पुट्टी उडाली आणि आतून पापडासारखं कडक झालेलं हिरवं कापड निघालं, पांढऱ्या ठिपक्यांचं. उर्मिलानं ते जाईबाईच्या हातात दिलं.

जाईबाईनं ते उलटून बघितलं. काठावर तिनंच घातलेली शिवण होती.

"ह्यात मी भाकरी बांधायची," ती म्हणाली. "बोलला, वाऱ्यानं उडाला." ती माझ्याजवळ खाली बसली. मग एकदम हात उगारून तिनं माझ्या कुशीवर जोरात चापट मारली. "मेल्या! मी हिकडं रोज वाट बघायची नि तू भोकावर बसून जायचास? एक शबूद बोलला न्हाईस मला!"

आणखी एक चापट बसली. मग तिथंच हात ठेवून ती रडली. उर्मिलानं ग्राइंडर बंद केला, बाटलीतलं पाणी तिच्यापुढं ठेवलं आणि शेजारी बसून राहिली.

डोळे पुसल्यावर जाईबाईनं फोन लावला. "उदय, आत्ताच ये. रसिकालाही आण."

दोघं आली. जाईबाईनं तिन्ही जागा स्वतः दाखवल्या. उदयचा चेहरा उतरला.

"मावशी, काल तर दोनच बोललात."

"काल मला ठाऊक न्हवतं. आज मी लपवणार होती."

रसिका वाकून त्या तिसऱ्या भोकात बघत राहिली. मग उर्मिलाला विचारलं, "हे नीट होईल?"

"नीट करायला दिलं तर होईल."

पुढचे पाच दिवस उर्मिला रोज आली. भोकांच्या कडा तिनं लांबपर्यंत घासून उतरत्या केल्या. आतून पुठ्ठ्याला प्लास्टिक गुंडाळून आधार लावायचा होता. तो जाईबाईनं माझ्या पोटात वाकून, दुखरे गुडघे मोडून धरला. बाहेरून उर्मिला चटईचे थर चढवत गेली आणि ब्रशनं टोचून टोचून हवेचा एकेक बुडबुडा काढत गेली. रेझिन घट्ट होताना गरम होतं. दोन वर्षांनी मला ऊब लागली ती अशी. संध्याकाळी उर्मिलाच्या हातांना खाज सुटायची आणि जाईबाई तिच्या हातांवर गार पाणी ओतायची.

शेवटी मला पाण्यानं भरलं आणि सगळे खाली वाकून बघत बसले. थेंब आला नाही.

तरी उदयचं मन होईना. तेव्हा रसिका म्हणाली, "मावशी, तुम्ही बसाल हिच्यात?"

जाईबाईचा जन्म किनाऱ्यावर गेला होता, पण होडीत बसून समुद्रावर ती कधीच गेली नव्हती. तिनं लुगडं वर खोचलं, उदयच्या खांद्याचा आधार घेतला आणि आत आली. मधल्या फळीवर न बसता ती तळाशी बसली, बरोबर त्या जागेवर. उदयनं इंजिन लावलं आणि आम्ही पाण्यात तरंगणाऱ्या बोयांच्या पलीकडं जाऊन आलो. उतरल्यावर रसिकानं तिचं लुगडं मागून चाचपून बघितलं. कोरडं होतं.

आता मी उदयची आहे. जाईबाई मीरा रोडला गेली. जाताना माझ्याजवळ आली, सगळीकडून ठोकून बघून गेली. तिची आठवण येते. पण आता तिला वाट बघत उभं राहावं लागत नाही, हेही बरंच आहे.

परवा साचलेलं पाणी सोडायच्या मागच्या बुचापाशी थोडं पाणी झिरपलं. किनाऱ्याला लागताच उदयनं हाक मारली, "रसिका, जरा गळतेय गो!" ती पोट सावरत आली आणि दोघं माझ्यात डोकं घालून बघायला लागली.

तुम्हा माणसांकडं माझं मागणं एवढंच आहे. होडी म्हटली की कधीतरी गळणारच. ज्याचा जीव तुमच्या वाटेकडं लागलेला असतो, त्याला तेवढं सांगत जा.