मऊ बटण

म्हाताऱ्या बाइंडरचा जन्म पुस्तकं शिवण्यात गेला, आणि पोरगा लागला पुस्तकं वाचायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. म्हाताऱ्याला त्याचा राग नव्हता. एरवी महिनोन्महिने तोंड न दाखवणारा मुलगा त्या यंत्राच्या निमित्ताने दर रविवारी घरी येऊ लागला होता.

"बाबा, यात काय काय हवं ते सांगा. तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

"बोटाला सापडेल असं बटण हवं. काचेवर बोट घासून पान उलटल्यासारखं वाटतंय का?"

पुढच्या खेपेला बटण आलं. मग अक्षर बारीक निघालं, मग उजेड डोळ्यांत खुपू लागला, मग किती वाचून झालं ते हाताला कळेना. खऱ्या तक्रारी संपल्या तेव्हा म्हातारा खोट्या काढू लागला. चांगल्या धडधाकट बटणाला त्याने 'फार टणक' म्हणून नावं ठेवली. पोरगा मान डोलवत ऐकायचा, चहा प्यायचा, कधी जेवूनही जायचा. खोटं बोलल्याचं पाप लागत असेल तर खुशाल लागो, असं म्हाताऱ्याने ठरवून टाकलं होतं.

पण यंत्र एकदाचं तयार झालं. मुलाने त्यातलं एक आणून बापाच्या हातात ठेवलं.

"तुम्ही सांगितलेलं सगळं आहे यात. आणि एक माझ्या डोक्यातलं. तुम्ही पान उलटलंत की मला फोनवर दिसतं."

"ते कशाला रे?"

"तुम्ही बरे आहात हे कळतं. मग काळजी नाही."

काळजी खरंच उरली नाही. आधी रविवार बंद झाले, मग फोन. म्हाताऱ्याने आपण होऊन केला तर पलीकडून घाईघाईत उत्तर यायचं, "काल बरंच वाचलंत की! मजेत दिसताय." इकडे गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते. पण यंत्राला गुडघे कुठले दिसायला!

शेवटी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. खुनाची कादंबरी ऐन रंगात आली होती, खुनी आता सापडणारच होता. तरी त्याने यंत्र कपाटात टाकलं आणि कपाटाचं दार लावून टाकलं. पान हललं नाही की बघू, कसा धावत येत नाही ते! सुरुवातीला त्याला गंमत वाटली. मग जीव कासावीस होऊ लागला, आणि तो काही खुन्यासाठी नव्हे. दाढी मात्र तो रोज करत होता. पोरगा आलाच तर बापाचा अवतार दिसायला नको.

एका सकाळी बेल वाजली. गुडघे विसरून म्हातारा दाराशी पोहोचला.

दारात कुरिअरवाला होता. "जुनं यंत्र द्या आजोबा, हे नवीन घ्या. जुनं बिघडल्याची तक्रार आहे."

"कोणी केली तक्रार?"

कुरिअरवाल्याने खोक्यावरचं नाव वाचून दाखवलं. मुलाचंच होतं.

"ते बिघडलेलं नाही हो," म्हातारा म्हणाला, आणि आत जाऊन घेऊन आला.

नवीन यंत्र सुरू केलं, तर तो थांबला होता नेमकं तेच पान समोर आलं. त्याने बटण दाबलं. लगोलग फोनवर मुलाचा निरोप आला, 'चालू झालं! जिवात जीव आला.'

म्हातारा दाराकडे बघत बटण दाबत राहिला. खुनी त्यातल्या कुठल्यातरी पानात सापडून गेला असणार. बटण अगदी मऊ होतं, त्यानेच मागितलं होतं तसं.