बारा मिनिटं आणि एकतीस मिनिटं

लग्नाला सहा महिने झाले तेव्हा मिस्त्रिणीने आयुष्यातलं सगळ्यात न्याय्य काम केलं, आणि त्यातच ती तोंडघशी पडली.

मिस्त्रीण म्हणजे कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण. खरं नाव असेल काहीतरी, पण गिऱ्हाइकं, शेजारी, एवढंच काय, नवरासुद्धा तिला मिस्त्रीणच म्हणायचा. तर या मिस्त्रिणीला दोन आया होत्या. एक स्वतःची, तिला ती ‘अगं आई’ म्हणे. दुसरी नवऱ्याची, तिला ‘अहो आई’. दोघींनाही एकाच वर्षी व्हिडिओ करायचं वेड लागलं होतं. अगं आई गच्चीतल्या कुंड्यांचे व्हिडिओ करायची, अहो आई क्रोशाच्या विणकामाचे. दोघींचे जुने संगणक धापा टाकायला लागले, तेव्हा मिस्त्रिणीने दोन नवे संगणक स्वतःच्या हाताने जुळवले. कॅबिनेट तेच, मेमरी तीच, पंखे तेच, आणि प्रोसेसर तर एकाच खोक्यातून लागोपाठ काढलेले. उजवं-डावं केलं असं कुणी म्हणू नये म्हणून तिने दोन्हीकडे स्क्रूसुद्धा मोजून लावले.

दोन्ही विहिणींचं रोज सकाळी फोनवर बोलणं व्हायचं. दुसऱ्याच आठवड्यात अगं आईने सहज, म्हणजे मुद्दामच, विषय काढला. “विहीणबाई, माझा तर बाई दहा मिनिटांचा व्हिडिओ बारा मिनिटांत तयार करून देतो. तुमचा?”

“एकतीस,” अहो आई म्हणाल्या.

त्यानंतर दोघींनी एकदमच फोन ठेवले म्हणे.

मिस्त्रिणीला कळलं तशी ती घाईघाईने सासरी फोन लावून बसली. सासूने आवाज न चढवता, अगदी गोड सांगितलं, “असू दे गं. चालतंय की.” ज्यांना सासू आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ‘चालतंय की’ म्हणजे अजिबात चालत नाहीये. सासू भांडली असती तर मिस्त्रिणीने हसत हसत भांडून घेतलं असतं. पण या बाई भांडायच्याच नाहीत. सहा महिन्यांत सासूने तिला एकदाही टोचून काही म्हटलं नव्हतं, आणि जवळ घेऊनही काही म्हटलं नव्हतं. तिने बेल वाजवली की दार उघडायला चांगली दोन मिनिटं लागायची. हिला आत घ्यावं की नाही याचा विचार चालला असावा, असंच मिस्त्रिणीला वाटायचं, आणि जिन्यात उभं राहून तिचं तोंड एवढंसं व्हायचं. हा संगणक म्हणजे त्या दारावरची तिची थाप होती. आणि आता सगळ्या नातेवाइकांत झालं काय? तर आईला चांगला दिला आणि सासूला खालच्यातला.

“दोघींना एकेक छत्री द्यायची होतीस,” नवरा म्हणाला. तो चष्म्यांच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा आणि बायकोच्या अडचणींकडे भिंतीवरच्या अक्षरांसारखा लांबून बघायचा. “छत्री हळू चालत नाही.”

मिस्त्रिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण हा प्रश्न तर तिच्या रोजच्या धंद्यातला होता. दर दोन दिवसांनी कुणीतरी कागद नाचवत यायचं, “ताई, शेजाऱ्याच्या आणि माझ्या प्रोसेसरचा आकडा सेम आहे, मग माझाच का रेंगाळतो?” ती शांतपणे समजवायची. दोन आचारी आणा, दोघांचे हात सारखेच भरभर चालतात म्हणा. एकाच्या ओट्यावर भाजी चिरून ठेवली असेल आणि दुसरा कांद्याकांद्यासाठी बाजारात पळत असेल, तर पंगत एका वेळी कशी बसेल? कुणाची मेमरी हाताशी असते, कुणाची लांब. कुणाला वीज पोटभर मिळते, कुणाला अर्धपोटी. एखादा नव्या पिढीचा असतो, तो तेवढ्याच ठोक्यात दोन कामं उरकतो. “आकडा म्हणजे तो किती पळू शकतो,” ती सांगायची, “किती पळेल ते तुमच्या घरावर.” लोक माना डोलवत जायचे.

पण इथे आचारी तोच, ओटा तोच, कांदासुद्धा तोच. तिने सासूचा संगणक दुकानात आणला आणि तोच व्हिडिओ लावला. बारा मिनिटं. परत नेऊन सासूच्या टेबलावर, सासूच्या देखत लावला. बारा मिनिटं. सासू हळूच म्हणाली, “बघ, तू असलीस की नीट वागतो.” दुसऱ्या दिवशी फोन केला तर पुन्हा एकतीस. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं बसणारी आणि दार लागलं की गोंधळ घालणारी मुलं तिने पाहिली होती, पण प्रोसेसर असा असेल हे तिला पटेना.

मग तिने तिच्या धंद्याला न शोभणारं एक काम केलं. एकाच नावाच्या दोन चिपांमध्येही उन्नीस-बीस असतं हे तिला माहीत होतं. तेवढ्याने बाराचे एकतीस होत नाहीत हेही माहीत होतं. पण माणूस काकुळतीला आला की माहीत असलेलं विसरतो. तिने दोघींचे संगणक ‘सफाईला’ म्हणून आणले आणि आतले प्रोसेसर गुपचूप बदलले. आईचा सासूला, सासूचा आईला. निकाल काय? आईकडे बारा. सासूकडे एकतीस. वर नवऱ्याने अगं आईसमोर बोलता बोलता सगळं सांगून टाकलं.

“माझा पळणारा काढून त्यांना दिलास?” अगं आई फोनवरच कडाडली.

“अगं आई, तुझा आताही बारा मिनिटांतच करतोय ना?”

“तो भाग वेगळा. मला न विचारता दिलास!”

म्हणजे एक रुसली होती तिथे आता दोघी रुसल्या. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते काही सापडेना. शेवटी मिस्त्रिणीने सासूच्या संगणकात एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिला. दर मिनिटाला तापमान किती आणि वेग किती, एवढंच तो निमूट लिहून ठेवणार.

आठवड्याने तिने तो आलेख दुकानात बसून उघडला आणि तिच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं. सासू काम करत असताना प्रोसेसर शहाण्णव अंशांवर तापलेला, आणि वेग निम्म्याहूनही खाली. म्हणजे बिचारा जीव वाचवायला चाल धीमी करत होता. चिप तापली की तसं करते, नाहीतर जळून जाईल. पण तापत का होता? पंखे तर नवेकोरे. आणि खरी गंमत पुढेच होती. रविवारी अकरा वाजून चार मिनिटांनी तापमान धाडकन खाली आलेलं. बुधवारी पाच बत्तीसला पुन्हा तसंच. तिने मोबाइल काढला. रविवारी अकरा वाजून तीन मिनिटांनी तिने नवऱ्याला लिहिलं होतं, ‘पोचले, बेल वाजवतेय.’ बुधवारी ती सासऱ्यांचा दुरुस्त झालेला चष्मा द्यायला गेली होती, साडेपाचला.

म्हणजे तिच्या बेलचा आवाज ऐकून प्रोसेसर थंड होत होता. मिस्त्रिणीने दुकानाला कुलूप लावलं आणि सायकल काढली.

जिन्यात सासरे भेटले. एका हातात पाव, दुसऱ्या हातात किल्ली. सुनेला बघून ते दचकलेच. “तू? आत्ता? म्हणजे, वा, वा!” आणि त्यांना एकाएकी खोकला लागला. साधासुधा नाही, दोन मजले ऐकू जाईल असा.

“बाबा, पाणी आणू का?”

“नको! बेल वाजव तू. आधी बेल वाजव.”

“किल्ली आहे की तुमच्या हातात.”

सासरे जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. खोटं बोलायचा सराव नव्हता. त्यांनी हताश होऊन दार उघडलं.

आत अहो आई संगणकाच्या टेबलावर ओणव्या झाल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात लोकरीत अडकले होते. मिस्त्रीण बघतच राहिली. संगणकाने झबलं घातलं होतं. गर्द हिरव्या लोकरीचं, पिवळ्या काठाचं, आतून जाड कापडाचं अस्तर लावलेलं, खाली टेबलापर्यंत येणारं. बटणासाठी छोटी झडप, वायरींसाठी मागे चीर, आणि हवेला आत यायला केसाएवढीही जागा नाही. पलीकडे रेडिओला झबलं, मिक्सरला झबलं, शिलाई मशीनला तर टोपीसुद्धा.

“काढतच होते मी,” सासू पुटपुटली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“पण काढता कशाला?”

सासू लोकरीतून हात सोडवत राहिली. मग सासऱ्यांनीच पाव खाली ठेवत सांगितलं, “पहिल्यांदा आलीस तेव्हा मिक्सर बघून म्हणालीस ना तू, इथे मिक्सरलाही थंडी वाजते वाटतं? आणि हसलीस. तेव्हापासून तुझी बेल वाजली की आम्ही दोघं सगळ्यांचे कपडे उतरवतो. मी रेडिओ आणि मिक्सर, ही बाकीचे. दोन मिनिटं लागतात.”

मिस्त्रीण मटकन खुर्चीत बसली. ती दोन मिनिटं! सहा महिने ती जिन्यात उभी राहून स्वतःला नको असलेली सून समजत होती, आणि आत दोन म्हातारी माणसं तिने हसू नये म्हणून मिक्सर नागवा करत होती. तिला एकदम रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. “अहो आई, मी वेंधळी आहे हो. मला ते आवडलं होतं म्हणून मी हसले. आमच्याकडे कुणी कशाला इतकं जपत नाही.”

“मला वाटलं, शिकलेली मुलगी, मशिनमधलं सगळं कळणारी. हिला आमचं खुळंच वाटणार.” सासूने झबल्याचा काठ सरळ केला. “पण हे तू स्वतःच्या हाताने करून दिलेलंस. ते उघडं ठेवायला जीव होईना. चांगली लोकर ठेवली होती जपून, ती काढली.” आणि मग अगदी हळू आवाजात, “हे बघितलंस का?”

झडपेच्या वर रुपेरी आणि पिवळ्या धाग्याने काहीतरी विणलं होतं. मिस्त्रिणीने वाकून पाहिलं. तो छोटासा स्क्रूड्रायव्हर होता, पिवळ्या मुठीचा, तिच्या खिशात असतो अगदी तसा.

आता तिला खरंच रडू आवरेना. रडत रडतच तिने एकतीस मिनिटांचं कोडं उलगडून सांगितलं. सासू घाबरली. “अगं बाई! म्हणजे मीच त्याला गुदमरवलं?”

“तो शहाणा असतो. तापला की आपणहून दमाने घेतो. काही झालेलं नाही त्याला. फक्त हे घालून त्याला पळायला सांगू नका.”

“मग उघडाच ठेवायचा?” सासूचा चेहरा पडला. मिस्त्रिणीने डोळे पुसले, टेबलावरचा शिंप्याचा खडू उचलला आणि कॅबिनेटवरच खुणा करायला बसली. इथून हवा आत जाते, इथून गरम बाहेर पडते, इथे मात्र काहीच लागत नाही. सासूने चष्मा लावला. “म्हणजे पुढे आणि मागे जाळी, वर मोठी जाळी, फक्त बाजूंना भरीव. अस्तर नको. सुती दोरा घेते, लोकर नको.” आणि त्या दुपारी सासूसून टाके आणि पंखे मोजत इतक्या रंगल्या की सासऱ्यांनी पाव नुसताच खाल्ला.

चार दिवसांनी नवं झबलं अंगावर घालून संगणकाने व्हिडिओ तयार केला. बारा मिनिटं. पुढच्या सकाळी अगं आईचा फोन आला, आणि मिस्त्रिणीचा जीव भांड्यात पडायच्या आत पुन्हा बाहेर आला.

“कळलं मला सगळं. सासूच्या संगणकाला जाळीचं झबलं, आणि आईचा उघडाबोडका? हे उजवं-डावं नाही तर काय?”

“विहीणबाईंचं माप घेऊन ये गं,” मिस्त्रिणीने हे फोनवर सांगितलं तेव्हा अहो आई हसत म्हणाल्या, “म्हणजे त्यांच्या संगणकाचं.”

रविवारी माप घेऊन मिस्त्रीण जिना चढली आणि सवयीने भिंतीला टेकून दोन मिनिटं मोजायच्या तयारीने तिने बेल दाबली. बोट उचलायच्या आत दार उघडलं. अहो आई समोर उभ्या, सुई हातात, चष्मा डोक्यावर. त्यांच्यामागे रेडिओ, मिक्सर, शिलाई मशीन, सगळे आपापल्या कपड्यांत ऐटीत बसलेले. सासूने तिच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. घराची किल्ली होती. तिलाही बोटाएवढं हिरवं झबलं होतं, पिवळ्या काठाचं.

मिस्त्रिणीने किल्ली वर धरून पाहिली. “अहो आई, इथे किल्लीलाही थंडी वाजते वाटतं?”

या वेळी आधी सासू हसली.